पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड

कोरिनची रेकॉर्ड जागेवर नाही हे मला एका सोमवारी सकाळी कळलं. सोमवारी मला सुट्टी असते. माझी मेव्हणी व्हर्ना कारखान्यात गेल्यावर मी तिचा कॉफीचा कप विसळून ठेवला, खुर्ची ग्रामोफोनजवळ ओढली आणि रेकॉर्डींचा अल्बम मांडीवर घेतला. शेवटच्या कप्प्यात हात घातला तर नुसता कागद लागला.

बाकीचे कप्पे भरलेले होते. मी कपाटामागे पाहिलं, गादीखाली पाहिलं, पिठाच्या डब्यातसुद्धा पाहिलं. मग बाहेर पायरीवर जाऊन बसलो. मार्चमध्ये माझी बायको कोरिन गेली, तेव्हा निदान डॉक्टरांनी आधी सांगून तरी ठेवलं होतं.

चार वर्षांपूर्वी मी वेंडेल स्ट्रेकच्या बँडची बस चालवायचो. स्ट्रेक क्लॅरिनेट वाजवायचा आणि बँडही त्याचाच होता. कोरिन त्या बँडची गायिका. तेव्हा गायिकेला काम थोडंच असायचं. बँड अर्धं गाणं वाजवून घ्यायचा, मग ती उठून एक कडवं गायची आणि परत खुर्चीत बसून उरलेलं गाणं संपेपर्यंत हसत राहायची. ती एकच हिवाळा बँडबरोबर होती आणि रेकॉर्डवर एकदाच गायली. गाण्याचं नाव होतं ‘परसदारचा दिवा’. ते दोन तऱ्हांनी वाजवलं गेलं, एकदा तिच्या कडव्यासकट आणि एकदा त्या जागी नुसती क्लॅरिनेट. कंपनी अशा वेळी दोन्हींची एकेक नमुन्याची रेकॉर्ड बँडच्या मालकाकडे पाठवते, पांढरं कोरं लेबल लावून. बाजारात कोणती काढायची ते मालक ठरवतो. स्ट्रेकने बिनगाण्याची काढली. गाण्याची नमुन्याची रेकॉर्ड त्याने कोरिनच्या हातात दिली. पुढच्याच महिन्यात आम्ही लग्न केलं, बसमधून दोघंही उतरलो आणि टोलेडोला आलो. इथे मी शहराची बस चालवतो.

“तुझं गाणं का टाकलं त्याने?” मी तिला तेव्हा विचारलं होतं.

“ऐक ना शेवटी. त्याची क्लॅरिनेट चिरकलीय,” कोरिन म्हणाली. “स्वतःची चूक झाकायला माझा बळी दिला.” आणि ती हसली.

मला काही हसू आलं नाही. चिरक खरीच होती, अगदी शेवटच्या वरच्या स्वरावर. त्या दिवसापासून स्ट्रेकची एकही रेकॉर्ड मी घरात येऊ दिली नाही. रेडिओवर त्याचा बँड लागला की मी खुंटी पिरगाळायचो.

कोरिन गेल्यावर तिची बहीण व्हर्ना घर सांभाळायला आली. या पांढऱ्या लेबलच्या रेकॉर्डचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. ती घरात नसतानाच मी ती लावायचो. आपल्याजवळ काय आहे हे चार लोकांना कळलं की ते आपल्याजवळ राहत नाही, असं माझं मत आहे.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, “गेल्या आठवड्यात घरात कोण आलं होतं?”

“का रे?”

“विचारतोय.”

“मायलो आला होता गुरुवारी. तू होतास की घरी.”

“मी तळघरात भट्टीत कोळसा टाकायला गेलो होतो. तेव्हा तू कुठे होतीस?”

“कॉफी करत होते. एमिल, हे घर आहे का पोलीसचौकी?”

“अल्बमला कोणी हात लावला?”

व्हर्नाची मान लाल झाली, मग कान. “नाही,” ती म्हणाली. “आणि शनिवारपर्यंत त्या अल्बमचं नाव काढू नकोस.”

“शनिवारी काय आहे?”

“शनिवारी शनिवार आहे. बटाटे खा.”

मी बटाटे खाल्ले, पण ते कान माझ्या डोक्यातून जाईनात. मायलो केसलर स्ट्रेकच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, नंतर कशावरून तरी भांडून बाहेर पडला आणि टोलेडोतच राहिला. एकटा माणूस, बोलायला गोड. व्हर्नाही एकटीच. ती त्याला पाठीशी घालत असेल तर नवल नव्हतं. शिवाय त्या गुरुवारी दारातून निघताना तो मला म्हणाला होता, “कोरिनवाली रेकॉर्ड अजून आहे ना रे? जप हं.” मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटलं, चोर आधी घर पाहून जातो.

मंगळवारी मी तो जिथे रोज जेवतो त्या खानावळीत गेलो. वाढणारी बाई म्हणाली, “मायलो? तो गेला परत बँडमध्ये. स्ट्रेकने बोलावून घेतलं त्याला. शुक्रवारी तळ्याकाठच्या नाचघरात वाजवतायत. का, पैज हरलास का त्याच्याशी?”

मला पैजेची गरज नव्हती. सगळं जुळत होतं. ऑगस्टपासून वादकांच्या युनियनने नव्या रेकॉर्डी करणं बंद पाडलं होतं. कंपन्यांकडे नवा माल नव्हता, म्हणून त्या जुन्या, टाकून दिलेल्या रेकॉर्डी शोधून बाजारात काढत होत्या. ज्या बँडमालकाची चिरक असल्या एखाद्या रेकॉर्डवर असेल त्याला झोप कशी लागेल? आणि ज्या ट्रॉम्बोनवाल्याला त्या मालकाकडे परत जायचं असेल, त्याने रिकाम्या हाताने कशाला जावं?

शुक्रवारी दुपारी मी नाचघरात गेलो. बँड बाह्या सरसावून तालमीला बसला होता.

“अरे, ड्रायव्हरसाहेब!” ड्रमवाला ओरडला. “भोंगा न वाजवताच आत?”

मायलो ट्रॉम्बोन खाली ठेवून हसत पुढे आला. मी म्हणालो, “रेकॉर्ड कुठाय?”

“कुठली रेकॉर्ड?”

“तुला माहीत आहे कुठली. गुरुवारी विचारत होतास ती.”

“कोरिनची?” त्याचा चेहरा पडला. “हरवली? एमिल, अरे देवा.”

“देवाला मध्ये आणू नकोस. त्याने नाही नेली.”

स्ट्रेक पुढच्या रांगेसमोर उभा होता. क्लॅरिनेटची वेताची पाती भिजवायला त्याने तोंडात धरली होती. ती बाजूला काढून तो म्हणाला, “काय गोंधळ आहे?”

मग मी सगळं बोललो. तुमची चिरक झाकायला याने माझ्या घरातून रेकॉर्ड उचलली आणि त्याच्या बदल्यात याला बँडमध्ये खुर्ची मिळाली, असं मी पूर्ण बँडसमोर म्हणालो. कोणीतरी शीळ घातली.

“खुर्ची!” मायलो म्हणाला. “अरे बाबा, बॉसचा अर्धा बँड लष्कराने उचललाय. तुला वाटीवर चमचा आपटता आला असता ना, तर तुलासुद्धा खुर्ची मिळाली असती.”

पोरं हसली. स्ट्रेक हसला नाही.

“कुठली चिरक?” त्याने विचारलं.

“शेवटच्या स्वरावरची.”

“ती? ती बाजारातल्या रेकॉर्डवरही आहे. त्या दिवशी माझ्या पातीला तडा गेला होता आणि दुसरी जवळ नव्हती. दोन्ही वेळा तिथेच चिरकलो. सगळ्या देशाने ऐकलीय, आणि तू नाही?”

“तुमच्या रेकॉर्डी मी घरात आणत नाही.”

“मग बोलणंच संपलं.”

“मग तिचं गाणं का टाकलंत?”

“मी कशाला टाकीन? तीच चांगली होती.” तो पातीकडे बघत बोलत होता. “कोरिन म्हणाली, दुसरी काढा. म्हणाली, ही खपली तर तुम्ही मला बसमधून उतरू देणार नाही, आणि मला उतरायचंय, ड्रायव्हरला घेऊन. मी तिला दोन दिवस समजावलं. ऐकेना. मग नमुना तिलाच देऊन टाकला.”

“खोटं आहे,” मी म्हणालो. “तिने मला वेगळं सांगितलंय.”

“तिने काय सांगितलं ते तिला ठाऊक.” त्याने पाती परत क्लॅरिनेटवर बसवायला घेतली. “त्या गाण्याचा धातूचा साचा अजून कंपनीकडे असेल. टाकलेल्या गाण्यांचे साचे आता तांब्यासाठी वितळवतायत, युद्धाला. तू येऊन नीट विचारलं असतंस तर मी आत्ता तार केली असती. माझ्या शब्दाशिवाय ते त्याला हात लावणार नाहीत. पण तू माझ्या बँडसमोर मला चोर म्हणालास. हे शब्द लिहून परत घे, मग बघू. चला रे, पहिल्यापासून.”

बँड सुरू झाला. त्या आवाजातून चालत मी बाहेर आलो. माझा एकाही शब्दावर विश्वास नव्हता. चोरी करणाऱ्याकडे गोष्ट नेहमी तयार असते, आणि गोड असते.

शनिवारी माझा वाढदिवस होता. माझ्या तो लक्षातच नव्हता. व्हर्नाने केक केला होता, साखर जपून वापरावी लागते म्हणून फिकाच. ताटाशेजारी चौकोनी, चपटं पुडकं ठेवलं होतं.

“उघड,” ती म्हणाली. “सोमवारी तू अल्बमबद्दल विचारलंस तेव्हा माझा जीवच गेला. म्हटलं, कळलं याला.”

आत रेकॉर्ड होती. लेबलवर छापलं होतं, ‘परसदारचा दिवा’, वेंडेल स्ट्रेक आणि त्याचा बँड.

“कोरिनचं गाणं,” व्हर्ना म्हणाली. “मला पत्रात लिहिलं होतं तिने याच्याबद्दल. किती दुकानं हिंडले मी! तुझ्याकडे तिचं काहीच नाही ऐकायला. लाव ना.”

मी लावली. पहिला भाग बँडचा. मग सॅक्सोफोन खाली आले आणि कोरिन उठायची ती जागा आली. व्हर्नाने तोंडावर हात धरला. क्लॅरिनेट वाजू लागली, आणि वाजत राहिली.

“ती कुठेय?” व्हर्ना म्हणाली.

मी गाण्याच्या शेवटाची वाट पाहत होतो. बँड वर चढत गेला, शेवटचा स्वर आला आणि क्लॅरिनेट चिरकली. माझ्या रेकॉर्डवर चिरकायची तिथेच, तशीच.

सुई मध्यभागी खरखरत राहिली. ती उचलून मी विचारलं, “हिच्या बदल्यात काय दिलंस?”

सध्या जुनी रेकॉर्ड दिल्याशिवाय दुकानदार नवी देत नाहीत. रेकॉर्डी लाखेच्या असतात, लाख पूर्वेकडून बोटींनी यायची, त्या बोटी आता येत नाहीत. जुन्या दळून नव्या करतात. हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे.

“अल्बममधलीच एक,” व्हर्ना म्हणाली. “तुझ्या आवडीच्या नाही दिल्या हं. शेवटच्या कप्प्यात एक कोरी होती. तिच्यावर काही लिहिलंच नव्हतं. मला वाटलं बिघडलेली असेल, कारखान्यातून तशीच आलेली.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “एमिल? काय होतं तिच्यावर?”

मी टोपी घेतली आणि दुकानात गेलो. दुकानाची मालकीण, मिसेस प्रूइट, भली बाई आहे. तिने मला मागे नेऊन पिंप दाखवलं. तळाशी थोडे काळे तुकडे होते.

“मागच्या शनिवारी व्हर्ना आली होती, ते पिंप बुधवारीच दळायला गेलं,” ती म्हणाली. “आणि असतं तरी काय? रेकॉर्ड आली की मी आधी हातोडी घालते. फोडल्या की जास्त मावतात. फार जवळची होती का?”

“लेबल नव्हतं तिला,” मी म्हणालो.

घरी आलो तर व्हर्ना टेबलाशी तशीच बसलेली होती. तिला कळलं होतं. मी तिला रागावलो नाही. रागावायला मला तोंडच नव्हतं. मी तिला एका शब्दाने सांगितलं असतं तर तिने ती रेकॉर्ड उशीखाली घेऊन झोपायलाही कमी केलं नसतं. साच्याचं मी तिला सांगितलं. ती ताडकन उठून कागद घेऊन आली.

“लिही. आत्ता लिही. हवं तर मी सांगते, तू लिही.”

या गोष्टीला आता तीन आठवडे होत आले. मायलोला मी लिहिलं. त्याने कार्डावर एक ओळ पाठवली, ‘चमचा शिकून ठेव.’ तेवढ्यावर ते मिटलं. स्ट्रेकचा बँड सध्या क्लीव्हलंडमध्ये आहे आणि हॉटेलचा पत्ता माझ्याकडे आहे. पण त्याला पत्र लिहायचं म्हणजे तो खरं बोलला हे लिहायचं. तो खरं बोलला असेल तर माझ्यासाठी कोरिनने आपलं एकुलतं एक गाणं टाकलं, आणि मी ते कधी मनाला लावून घेऊ नये म्हणून शेवटपर्यंत मला दुसरंच काहीतरी सांगत राहिली. व्हर्ना म्हणते, यात वाईट काय आहे? वाईट काहीच नाही. पण मी कोरिनचं प्रत्येक बोलणं खरं धरून बाहेरच्या प्रत्येक माणसावर डोळा ठेवत आलो. आता हे उलटं कसं करायचं ते मला समजत नाही. कधी वाटतं, दोन्ही वेळा एकाच जागी चिरकणं हेही स्ट्रेकने मुद्दामच केलं असेल. असा विचार वेड्यासारखा आहे हे मला कळतं, तरी तो येतो.

तिकडे रोज साचे वितळतायत. व्हर्ना रोज संध्याकाळी दारातूनच विचारते, “टाकलंस का?”

स्ट्रेकला पत्र लिहायचं अजून राहिलं आहे.