सहावे रीळ

मी एक जुने रीळ आहे. सिनेमाचे रीळ. मित्रांनो, तुम्ही सिनेमा मोबाइलवर बघता, त्यामुळे मी तुम्हाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पूर्वी सिनेमा पत्र्याच्या गोल डब्यांत बसून गावोगाव फिरायचा. एका सिनेमाची बरीच रिळे असत आणि ती एकामागून एक यंत्रावर चढत. आम्ही सहा भावंडे होतो आणि मी सहावे, म्हणजे शेंडेफळ. गोष्टीचा शेवट माझ्याकडे होता आणि, खोटे कशाला बोलू, मला त्याचा थोडा तोरा होता.

आमचा सिनेमा ऍनिमे होता, म्हणजे जपानी धाटणीचा चित्रांचा सिनेमा. मोठ्या डोळ्यांची माणसे, आणि सगळे काही हाताने रंगवलेले. तो एका टीव्ही मालिकेवरून काढला होता. मालिका अशी की, एका काळ्याकुट्ट चंद्रावर एक मुलगी एकटी राहते आणि येणाऱ्या यानांना उतरता यावे म्हणून उंच मनोऱ्यावर दिवा लावते. तिची जिवाभावाची मैत्रीण यान चालवते. दर आठवड्याला यान कुठेतरी संकटात सापडे आणि दर आठवड्याला तो दिवा दिसला की बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडे. लहानथोर सगळे त्या मालिकेपायी वेडे झाले होते. पण एके दिवशी मालिका अर्ध्यातच बंद पडली. यानवाली दूरच्या ताऱ्याकडे निघाली, दिवेवाली मागे राहिली, आणि संपले. लोकांनी इतकी बोंबाबोंब केली की शेवटी सिनेमा काढावा लागला.

पहिल्या पाच रिळांत मालिकेतलीच गोष्ट काटछाट करून बसवली होती. मी मात्र नवे कोरे होते. माझ्या अंगावरची चित्रे सांगत की, ती एका लांबट खोलीत रंगवली गेली. तिथे बायका हातमोजे घालून पारदर्शक पानांच्या मागच्या बाजूने रंग भरत. शेवटच्या दिव्याचा पिवळा रंग एका वयस्कर बाईंकडे होता. त्या तो पुन्हा पुन्हा कालवत आणि नाक मुरडत. "हा रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा झाला. मला घरातल्या दिव्याचा हवाय," असे म्हणत. शेजारणी त्यांना हसत. अखेर एकदाचा तो जमला, तेव्हा हसणाऱ्याच आधी बघायला धावल्या.

पुढे आम्ही सहाही जण बसच्या टपावर बसून एका लहान शहरातल्या थिएटरकडे निघालो. थांब्यावर सामान उतरवताना पाच डबे उतरले आणि मी एका गुंडाळलेल्या गादीमागे राहून गेले. बस मला घेऊन भलतीकडेच गेली. तिथल्या आगारात हरवलेल्या छत्र्यांच्या संगतीत मी पडून राहिले. कंडक्टरने शोधून मला थिएटरच्या मालकाच्या हातात दिले, तोवर सिनेमा लागून बरेच खेळ होऊन गेले होते.

मला वाटले होते, माझ्यावाचून तिथे हाहाकार माजला असेल. कसले काय! पाचव्या रिळाच्या शेवटी यानवाली रेडिओ बंद करते आणि अंधारात निघून जाते. पडदा पांढरा झाला, लोक थोडा वेळ बसले, हळहळले आणि उठून घरी गेले. कोणी साधे विचारलेसुद्धा नाही. मालिकेने त्यांना दर आठवड्याला असेच अर्ध्यावर सोडले होते. त्यांना वाटले, हाच शेवट.

"आता हे दाखवलं तर गावभर आपलं हसं होईल," मालक म्हणाले.

"पण मालक, गोष्ट अर्धी राहिली," यंत्र चालवणारा ऑपरेटर म्हणाला.

"कोणाला कळलंय? तुला नि मला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यांनी मला ऑफिसातल्या कपाटात कोंबायला लावले आणि सिनेमा पाठवणाऱ्यांना कळवून टाकले की आमच्याकडे पाचच डबे पोचले. माझी भावंडे पुढच्या गावी गेली. ती शेजारच्या खोलीतून उचलली जात असताना मी डब्यांचा आवाज ऐकला. निरोप घेणे राहिलेच.

कपाटात फाटकी पोस्टरे होती, वाळलेल्या खळीचा डबा होता आणि एक बंद पडलेली बॅटरी होती. त्यांना बोलण्याची हौस नव्हती. कपाटाचे दार नीट लागत नसे, तेवढाच माझा आधार. त्या फटीतून टेबल दिसे, खुर्ची दिसे आणि काळा फोन दिसे. त्या फोनवर गुपित बोलण्याची सोय नव्हती. पलीकडचे माणूस काय बोलते ते सगळ्या खोलीला ऐकू येई.

तिकीट खिडकीवर एक तरुण मुलगी बसे. दुपारच्या चहाला ती ऑफिसात येई आणि ऑपरेटरकाकांशी बोलत बसे, त्यातून मला तिची हकिगत कळली. ती घरातली धाकटी. तिची थोरली बहीण नोकरीसाठी मोठ्या शहरात गेली होती आणि अंथरुणाला खिळलेली आई हिच्यावर आली होती. लहानपणी दोघी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून आमची मालिका बघत. दोघी सारख्याच हट्टी, मोडेन पण वाकणार नाही अशा. भांडण झाले की कोणीच माफी मागायची नाही. मग जिला अबोला सोडायचा असेल, तिने यानवालीसारखे विचारायचे, "दिवा लागलाय का?" दुसरीने म्हणायचे, "लागलाय, उतर." की भांडण मिटले.

थोरली निघाली त्या दिवशी धाकटीने तिला बसच्या खिडकीत गाठून विचारले होते, "तू परत येणार की नाही, ते सरळ सांग." थोरली म्हणाली, "सांगेन." सरळ सांगेल तर ती थोरली कसली!

एका दुपारी फोन वाजला. धाकटीने उचलला.

"मी इथे आपला सिनेमा पाहिला. तू पाहिलास?" थोरलीचा आवाज खोलीभर झाला.

"पाहिला."

"शेवटपर्यंत?"

"हो, शेवटपर्यंत."

"मग तुझ्या प्रश्नाचं माझं तेच उत्तर आहे. यानवालीने केलं तेच. तुला चालेल ना?"

धाकटीचा चेहरा मला फटीतून दिसत होता. तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "चालेल," ती म्हणाली. "तुझं तू बघ." आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते. थोरलीचे खरे उत्तर माझ्याकडे होते. मला हात असते तर मी कपाटाचे दार तोडले असते, तोंड असते तर ओरडले असते. पण यंत्रावर चढवल्याशिवाय मला बोलता येत नाही. त्या दिवसापासून माझा तोरा गेला. ज्याचा कोणालाच उपयोग नाही अशा शेवटाचा अभिमान तरी काय बाळगायचा?

पुढची वर्षे मी त्या फटीतून पाहिली. धाकटीच्या हातातला रंगीत चहाचा कप फुटला, स्टीलचा आला. चष्मा आला. आई गेली, तेव्हा थोरली येऊन पाहुणीसारखी बसून गेली. दोघींनी एकमेकींना "जेवलीस का?" इतकेच विचारले, असे धाकटी काकांना सांगत होती. दोघींनी लग्न केले नाही. मग काकाही कामावरून निवृत्त झाले आणि धाकटी एकटीच चहा पिऊ लागली. ती खुर्चीत एकटी आणि मी कपाटात एकटे. आमच्यात एका दाराचे अंतर होते आणि तिला ते ठाऊक नव्हते.

मालक वारले आणि त्यांच्या मुलाने थिएटर बंद करायचे ठरवले. आवराआवर धाकटीकडे आली. यंत्र शेवटचे पाहून घ्यावे म्हणून ऑपरेटरकाका काठी टेकत आले होते. तिने कपाट उघडले, पोस्टरे बाजूला केली आणि माझा डबा बाहेर काढला.

"काका, हे कसलं रीळ?"

काकांनी झाकणावरचा आकडा पाहिला आणि ते खुर्चीत बसले. "त्या चंद्राच्या सिनेमाचा शेवट आहे."

"काहीतरीच काय! शेवट तर मी पाहिलाय."

"नाही पोरी. तू पाचवं रीळ पाहिलंस. हे उशिरा आलं. मालक म्हणाले ठेव, मी ठेवलं. त्यांचं मीठ खात होतो."

धाकटीने डबा काकांच्या हातात दिला. मग म्हणाली, "यंत्र चालतंय का?"

माझ्या अंगाला आंबूस वास येत होता, कडा आकसल्या होत्या. काकांनी मला यंत्रावर चढवले. धाकटी रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध जाऊन बसली. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

यानवालीने रेडिओ बंद केला होता तो रुसून नव्हे. मागे वळायला वीज पुरावी म्हणून तिने तो बंद केला होता. ती वळली. इकडे दिवेवालीने, आता कोण येणार म्हणून, दिवा लावणेच सोडले होते. ती मनोऱ्याच्या पायरीवर अंधारात बसून होती. तेवढ्यात तिच्या रेडिओवर खरखर झाली आणि आवाज आला, "दिवा लाव. मी उतरते आहे." दिवेवाली धावत वर गेली आणि त्या वयस्कर बाईंचा पिवळा रंग सगळ्या पडद्यावर पसरला. तिथेच मी तुटले. काकांनी जोडायचा प्रयत्न केला, पण मी पुन्हा पुन्हा तुटत गेले. पुढे राहिली होती ती सिनेमा काढणाऱ्यांची नुसती नावे.

धाकटी ऑफिसात आली ती मोबाइल कानाला लावूनच. खोली रिकामी झाली होती, त्यामुळे पलीकडचा आवाज पूर्वीसारखाच घुमला.

"ताई, मी आज शेवट पाहिला."

"कसला शेवट?"

"यानवालीचा. शेवटचं रीळ इथे कपाटातच पडलं होतं. ती रेडिओ का बंद करते, ते मला आज कळलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे तेव्हा तू मला 'तुझं तू बघ' म्हणालीस..."

"मला वाटलं, तू कायमची गेलीस."

"आणि मला वाटलं, मी तुला नकोय. मी सामान बांधून बसले होते गं."

दोघी रडल्या. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग थोरली म्हणाली, "आता गुडघे धरलेत माझे. बसचा प्रवास झेपत नाही."

"मग तू तिथेच बस," धाकटी म्हणाली. "दिवा लाव. मी उतरते आहे."

ती त्याच संध्याकाळच्या बसने गेली. जाताना तिने माझ्या झाकणावरची धूळ पदराने पुसली. सोबत घेऊन जाण्यासारखे माझ्यात काही उरले नव्हते. मी या रिकाम्या खोलीत टेबलावर आहे. कपाटसुद्धा विकले गेले. उद्या-परवा भंगारवाला येईल, असे ऐकते.

मित्रांनो, तुमचे कोणी बोलायचे थांबले, तर तोच शेवट समजून घरी जाऊ नका. पुढे काही आहे का, ते एकदा विचारा. आणि जुन्या कपाटात धुळीने भरलेला पत्र्याचा डबा दिसला, तर झाकण उघडून पाहा. त्यावर एक ते पाच यांतला आकडा असेल, तर ते माझे थोरले भावंड असेल. त्याला सांगा, धाकटे शेवटी बोलले.