मला धक्क्यापर्यंतचंच दिसतं

मी बोर्गनी बोलतेय. नॉर्वेतल्या हेल्लेवोग खाडीतली बोट. त्या सभेला वर्षं लोटली, तरी मी अजून हादरलेलीच आहे.

माझी कंपनी कुणा शेठची नव्हती. खाडीकाठच्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी एकेक शेअर घेऊन ती काढली. आधीची वाफेवरची बोट खडकावर आपटून फुटली, तेव्हा मला बांधून घेतलं. ज्याचा शेअर असेल तो मला घरचीच समजायचा आणि बाकावर ऐसपैस पाय पसरायचा. माणसं, पिठाची पोती, दुधाचे कॅन, सुके मासे, टपाल, मेंढ्या, सगळं मी वाहिलं. मेंढ्या चढताना जो गोंधळ घालत, तो विचारू नका.

माझा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे दुकानवाली बोर्गनी. ती माझ्याच केबिनमध्ये जन्मली. तिच्या आईला डॉक्टरांकडे नेत होतो, बाहेर वादळ, आणि वाटेतच पोरीनं टाहो फोडला. मायलेकींना घोंगडीत गुंडाळून धक्क्यावर उतरवलं. पुढे कानावर आलं, पोरीचं नाव बोर्गनी ठेवलंय. माझं नाव! मी हरखून गेले. तिचा बाप नील्स मात्र त्यानंतर माझ्यावर कधी चढला नाही. कुठंही जायचं तर होडी वल्हवत जायचा. तिकिटाचे पैसे वाचवतोय मेला, असं मी मनात म्हणायचे.

मग ती वार्षिक सभा आली. दरवर्षीसारखी माझ्याच जेवणघरात भरली. कॉफी होती, वाफल होते, तपकिरी चीज होतं. ठराव एकच होता. सरकार पूल बांधायला तयार होतं, पण मग बोट बंद करायची.

"पूल काय गळ टाकायला हवाय रे?" पलीकडच्या काठचा म्हातारा आनफिन ओरडला.

"तुला बायकोपासून पळायला बोट हवी, ते सांग की!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. मीही निर्धास्त होते. माझी बोर्गनी बसली होती ना!

अध्यक्षांनी विचारलं, "पुलाच्या बाजूनं कोण?"

पहिला हात बोर्गनीचा वर गेला.

"अगं, तू?" आनफिन उडालाच. "तू तर हिच्यावर जन्मलीस. नाव हिचं लावतेस!"

"हिचं नाही, काका. आईचं. तीही बोर्गनीच होती." तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टरांच्या पायरीवरच गेली ती. बाळंतपणात आई गेली की तिचं नाव पोरीला देतात, ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पूल असता तर वेळेत पोचली असती."

माझं जग धक्क्यापाशी संपतं. उतरलेला माणूस सुखरूप घरी गेला, असंच मी धरून चालले होते. आणि इथली माणसं दुःख बोलून दाखवत नाहीत. एका मेलेल्या बाईच्या नावावर मी जन्मभर मिरवले! त्या नील्सला नावं ठेवली!

एकेक करत हात वर झाले. शेवटी आनफिनचाही झाला. मला हात असता तर मीही वर केला असता.

आता मला पुलाखाली बांधून ठेवलंय, गिऱ्हाईक मिळेपर्यंत. वरून जाणारे काहीजण गाडी थांबवतात, कठड्यावरून वाकून मला हात करतात. बाबांनो, तुमची माया कळते मला. पण थांबू नका. मागच्या गाडीत एखादी अडलेली बाई असेल. तिला वाट द्या.