फोन कुणी धरायचा

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि आमची आई जन्मापासून कुणाचं ऐकत नाही. या दोघांच्या मधे मी. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला हातांनी सांगायचं, तो काय म्हणाला ते डॉक्टरांना तोंडाने सांगायचं. बँकेत तेच, घरमालकाकडे तेच. दिवसभर लाँड्रीच्या काउंटरवर लोकांच्या डागांच्या कहाण्या ऐकायच्या आणि घरी आलं की परत दुभाषी. खरं सांगते, मी विटले होते.

म्हणून त्याला दुसऱ्या शहरातल्या फर्निचरच्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हा त्याच्यापेक्षा आनंद मला जास्त झाला. सुतारकामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. शिवाय तिथे त्याच्यासारखे आणखी चौघे होते, म्हणजे बोलायला माणसं. पण आईने साफ सांगितलं, "रोज तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर जायचं नाही." आईला लिहितावाचता येत नाही. ती त्याच्याशी घरातल्या घरात घडलेल्या खुणांनी बोलते, त्यामुळे मेसेजवर भागणार नव्हतं. आणि आई नाही म्हणाली तर हा जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी आहेच, मरेपर्यंत.

बोटाने सरकवायचे फोन तेव्हा नुकतेच दुकानांत दिसायला लागले होते. त्यात समोरच्याचं चित्र दिसतं, असं कुणीतरी सांगितलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं निघालो. पहिल्या दुकानातल्या पोराने भावाकडे एकदा पाहिलं आणि नंतर सगळं माझ्याशीच बोलला.

"मॅडम, ही स्कीम घ्या. रात्री नऊनंतर बोलणं फुकट."

"अहो, त्याला ऐकू येत नाही."

"मग ही घ्या. मिनिटं कमी, पण कॉलर ट्यून फ्री."

मी कपाळावर हात मारला. भावाने विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, तुला गाणी ऐकवतोय. तो इतका हसला की दुकानातला पोरगा घाबरून बिलाच्या टेबलामागे सरकला.

दुसऱ्या दुकानात फोनच्या मागचा कॅमेरा किती भारी आहे ते अर्धा तास ऐकलं. आम्हाला हवा होता पुढे. पुढे कॅमेरा असलेले फोन मोजकेच, त्यातला एक भावाने हातात घेऊन तोलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि हाच, म्हणून मान हलवली. तसे दोन घेतले. राहिली सिमकार्डाची कंपनी. तोवर माझे पाय मोडायला आले होते. मी प्रत्येक कंपनीच्या कार्डावरून शेजारच्या मावशींना फोन लावला. "हॅलो, ऐकू येतंय का? आता? आता?" तिसऱ्या कंपनीवरून मावशींचा आवाज कानात बसल्यासारखा खणखणीत आला. त्याच कंपनीची दोन कार्डं घेतली आणि मोहीम फत्ते म्हणून घरी आले.

घरी आईला खुर्चीत बसवलं आणि भावाला कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी पाठवलं. फोन लागला. त्याचा चेहरा दिसला, त्याने हात उचलला, आणि चित्र तिथेच अडकलं. मग नुसता राखाडी ढग. मग एकदम हात खाली, मधलं सगळं गायब.

"हे काय बोलणं झालं?" आई म्हणाली. "याच्या जिवावर मी पोराला लांब पाठवू?"

भाऊ परत आला तो तणतणत. त्याने माझ्यासमोर येऊन हात झटकले आणि म्हणाला, तू कानाने घेतलंस. मला कान आहेत का?

इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली आणि चित्र ज्यावर चालतं ते नेट बघायचं सोडून मी गल्लोगल्ली हॅलो हॅलो करत फिरले होते. लाजही वाटली आणि रागही आला. स्वतःचाच राग, पण काढला त्याच्यावर. म्हटलं, मग जा ना एकटा, घे तुझं तू! आणि आत जाऊन पडले. उद्यापासून ये रे माझ्या मागल्या, हे डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आई खुर्चीत बसून हसत होती. समोर टेबलावर जुन्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला, आणि त्यात माझा भाऊ, बेकरीच्या पाटीखाली उभा. चित्र स्वच्छ. बोटं न् बोटं दिसत होती. त्याने इथल्या सुतार मित्रांकडून वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं तासाभरासाठी मागून आणली होती, आणि एकेक घालून आईच्या खुर्चीपासून तपासलं होतं. जिथे कपाट बसवायचं तिथेच माप घ्यायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. मग जे चाललं ते कार्ड त्याने दुकानात काउंटरवर ठेवलं आणि दोन बोटं दाखवली. मिळाली दोन कार्डं.

"एकटा गेलास?" मी विचारलं.

हो म्हणाला. त्यात काय?

त्यात काय! मी मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. सुटका झाली म्हणून रडत होते की माझ्यावाचून काही अडलं नाही म्हणून, ते मलाच कळेना.

तो गेला. घर रिकामं झालं, आणि मी मोकळी झाले असं वाटलं. पण कसलं काय! डब्याला टेकवलेला फोन सारखा घसरायचा. आईला बोलायला दोन्ही हात लागतात, मग फोन धरणार कोण? मी. रोज संध्याकाळी लाँड्रीतून आले की चपला काढायच्या आणि आईसमोर फोन धरून उभं राहायचं. "जरा वर. अगं, हलवू नकोस, तो तिरका दिसतोय." दोघांच्या गप्पा रंगायच्या, माझे दंड भरून यायचे. आधी मी दोघांचं तोंड होते, आता खुंटी झाले. आईला म्हटलं तर म्हणायची, "एवढंसं तर काम आहे."

एका संध्याकाळी त्याने पलीकडून आईला थांबवलं आणि फोन फिरवायला सांगितला. मी फिरवला. माझा चेहरा त्याने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, तू बोल.

मी एका हाताने विचारलं, काय बोलू? डॉक्टरांचं काही आहे का? घरमालकाचं?

नाही, तो म्हणाला. कुणाचं नाही. तुझं.

आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता उठली आणि माझ्या हातातून फोन घेतला. दोन्ही हातांनी, माझ्याकडे तोंड करून छातीशी घट्ट धरला. माझे हात मोकळे झाले आणि तसेच लोंबकळत राहिले. इतकी वर्षं या हातांनी मी डॉक्टरांचं बोलले, बँकवाल्यांचं बोलले, आईचं बोलले. स्वतःचं काय असतं तेच आठवेना. तो वाट बघत होता. आईने फोन जराही हलू दिला नाही.

दमले, मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, कधीपासून?

आणि मी सांगायला लागले.