बुधवारच्या वहीतलं पान

मित्रांनो, मी एक जुनी, जाड पुठ्ठ्याची वही आहे. कॉलेजातल्या एका लोखंडी कपाटात, खालच्या खणात मी पडून असते. कारखान्यात एका बाईंनी मला दोऱ्यानं शिवलं होतं. शिवण इतकी पक्की की अजून एक पान सुटलेलं नाही.

मला विकत घेतलं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं. पहिल्या वर्षाला नव्यानं आलेल्यांना वरच्या वर्गातल्या कुणीतरी सांभाळून घ्यायचं, अशी तिथली पद्धत होती. अशा सांभाळणाऱ्यांना मेंटॉर म्हणत. हिच्या वाट्याला पाच जण आले. ते तिला ताई म्हणत. दर बुधवारी वर्कशॉप सुटलं की ग्रंथालयाच्या जिन्याखालच्या टेबलाभोवती सगळे जमत. ताई साबणाची वडी कापून ती समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते ते दाखवायची आणि माझ्यावर आकृती काढायची. मला तिच्या हाताचा लळा लागला होता.

पाचांत एक उंच, किडकिडीत मुलगी होती. ड्रॉइंगच्या लांब पट्टीवरून सगळे तिला ‘टी-स्क्वेअर’ म्हणत आणि तीही हसून ओ देई. तिचे वडील वेल्डर. एका बुधवारी बाकीचे गेले तरी ती उठेना.

“ताई, गणितात तीसपैकी चार पडलेत. घरी चोवीस सांगितले. बाबांनी कामावर सगळ्यांना सांगून टाकलंय. आता घशाखाली घास उतरत नाही माझ्या.”

ताईचं पेन चालूच होतं.

“हे लिहू नकोस ना.”

“माझ्या लक्षात राहावं म्हणून गं. ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.”

ते ऐकून मला केवढा अभिमान वाटला! पुढचे दोन महिने ताईनं तिच्याकडून रोज दहा गणितं सोडवून घेतली. पुढच्या परीक्षेत अठरा पडले. तेही ताईनं त्याच पानावर लिहिलं.

वर्ष सरत आलं तेव्हा उत्तम मेंटॉर निवडायचा म्हणून मेंटॉरांचं काम बघणाऱ्या सरांनी नोंदी मागवल्या. ताईनं ते पान उघडलं. आता फाडेल, असं मला वाटलं. तिनं लाल पेनानं ‘चार’ आणि ‘अठरा’खाली रेघा ओढल्या आणि मला सरांच्या हाती दिलं.

पालकसभेत सर माइकवर म्हणाले, “एका वेल्डरची मुलगी, चारावरून अठरावर आली.” टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतले तिचे बाबाही वाजवत होते. मग सरांनी पुढचं वाचलं. घरी चोवीस सांगितल्याचं, घास उतरत नसल्याचं, सगळं. बाबांचे हात मधेच थांबले.

बाहेर व्हरांड्यात ते लेकीला एवढंच म्हणाले, “चार पडले म्हणून मी काय खाल्लं असतं तुला? पण हे मला चारचौघांत कळावं?” आणि ते पुढे चालू लागले.

ताई मला छातीशी धरून तिथंच उभी होती. “अगं, नाव नव्हतं घेतलं,” ती म्हणाली.

“नाव घ्यायची गरज तरी होती कुठे?” टी-स्क्वेअर म्हणाली. “ताई, मी तुला सांगितलं होतं. माइकला नाही.”

पुन्हा ती जिन्याखाली आली नाही. उरलेले चौघे येत, पण विचारलं की “सगळं ठीक आहे, ताई” म्हणत. ताई तेच लिहायची. तिला प्रशस्तिपत्र मिळालं, मला हे कपाट.

दरवर्षी मला बाहेर काढतात. नोंद कशी ठेवावी याचा नमुना म्हणून नव्या मेंटॉरना तेच पान दाखवतात. यंदा सरांनी टी-स्क्वेअरलाही मेंटॉर व्हायला बोलावलं आणि मला तिच्या पुढ्यात सरकवलं.

तिनं मला उघडलंही नाही. “मी पोरांना शिकवीन, सर,” ती म्हणाली, “पण वही ठेवणार नाही.”

मित्रांनो, तुम्ही वह्यांना कव्हरं घालता, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवता. एवढ्यानं आमची काळजी घेतली असं होत नाही. माझी मागची पानं अजून कोरी आहेत. हवी तितकी गणितं सोडवा त्यांवर. पण कुणी रडवेल्या आवाजात काही सांगू लागलं, तर आधी पेनाला टोपण लावा.