थडग्याचे सिमेंट

कॅस्पर फानेगा याला मिशनच्या शाळेत घ्यायचे की नाही, हा प्रश्न तो किनाऱ्याला लागण्यापूर्वीच निकालात निघाला होता. आम्हाला ते कळायला मात्र दुपार झाली.

धर्मसेवेच्या प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांना जहाजावरून उतरवून आणण्याचे काम एकतीस वर्षे माझ्याकडे आहे. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाळाच्या कड्यातील एकुलत्या एका वाटेने मी माणसांना यंत्राच्या होडीतून आत आणतो. त्या दिवशी वाटेच्या दक्षिणेकडील प्रवाळ बंद होता. गावप्रमुख लेबेन सात महिन्यांपूर्वी वारले, तेव्हापासून तेथे काठीला नारळीची झावळी बांधलेली होती. थडग्यावर सिमेंटचा क्रूस उभा राहीपर्यंत त्या प्रवाळावर कोणी पाय ठेवायचा नाही, मासा धरायचा नाही. आणि ज्याचा पाय पडेल त्याने क्रूस उभा राहण्याआधी बेट सोडायचे. ते सिमेंट याच जहाजाने आले होते. सहा गोण्या मी होडीच्या मधोमध रचल्या आणि पाच उमेदवारांना दोन्ही बाजूंना बसवले.

कॅस्पर मलाइता बेटाचा. वय चोवीस. बिशपांचे शिफारसपत्र मिळण्यासाठी तो चार वर्षे थांबला होता. शाळेत भरती दोन वर्षांतून एकदा होते आणि पंचविशीनंतर घेत नाहीत, म्हणजे त्याच्यासाठी ही शेवटचीच संधी होती. हे त्यानेच होडीत बसता बसता, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसे सांगितले.

"काका, इथं मगरी आहेत का?" इसाबेल बेटावरच्या सिमियनने विचारले.

"आहेत. पण मिशनच्या मुलांना शिवत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरातलं खाऊन अंगावर मांस राहत नाही, हे त्यांना माहीत आहे."

"मग या कॅस्परला तर मुळीच धोका नाही. मलाइतावाल्याला मगरसुद्धा विचारून चावते."

"विचारत नाही," कॅस्पर म्हणाला. "माफी मागून निघून जाते."

सगळे हसत असतानाच यंत्र बंद पडले.

इंधनात पाणी होते. सकाळी जहाजाचा भोंगा अपेक्षेपेक्षा तासभर आधी वाजला आणि मी पिंपातले इंधन फडक्यातून न गाळताच टाकीत ओतले. इतक्या वर्षांत ही चूक मी प्रथमच केली. होडी वाटेच्या तोंडाशी आडवी झाली आणि प्रवाह तिला दक्षिणेकडे ढकलू लागला. वल्हे एकच होते. तळ प्रवाळाला घासल्याचा आवाज आला तेव्हा मी म्हणालो, "दोन गोण्या टाका पाण्यात."

कॅस्परने गोणीवर हात ठेवला. "हे कशाचं सिमेंट?"

"थडग्याचं."

"मग ते नाही टाकायचं, काका."

एवढे बोलून त्याने उडी मारली. आमच्या बेटांवर होडी अडकली की सर्वांत दणकट माणसाने न सांगता खाली उतरायचे असते. बसून राहणाऱ्याला पुढे जन्मभर नावे ठेवतात. छातीभर पाण्यात उभे राहून त्याने खांदा लावला आणि दोन लाटांच्या मधल्या अवधीत होडी परत वाटेत लोटली. भरतीमुळे झावळी जवळजवळ बुडाली होती. त्याला ती दिसली नाही. मला दिसली. मी ओरडलो असतो तर तो थांबला असता आणि होडी फुटली असती, म्हणून मी ओरडलो नाही.

किनाऱ्यावर बायका फुलांच्या माळा घेऊन उभ्या होत्या. लेबेनची विधवा नेस्ता पुढे आली. चौघांच्या गळ्यात माळा पडल्या. पाचवी तिच्या हातातच राहिली.

"भावजी, सिमेंट कोरडं आहे का?" तिने मला विचारले.

"कोरडं आहे, वहिनी. यानेच वाचवलं."

"बघितलं मी," ती म्हणाली. तिने माळ मनगटाला गुंडाळली. "सगळ्यांनीच बघितलं."

दुपारी चर्चच्या ओसरीवर आम्ही चौघे बसलो: शाळेचे मुख्य फादर हॅरिसन, नेस्ता, कॅस्पर आणि मी. मी माझे म्हणणे क्रमाने मांडले. इंधन मी गाळले नाही. त्यामुळे यंत्र बंद पडले. यंत्र बंद पडले म्हणून होडी वाहवली. तेव्हा दोष माझा आहे आणि शिक्षाही मलाच व्हावी.

"तुमचे पाय कोरडे होते, भावजी," नेस्ता म्हणाली.

"मग फादर, तुम्ही काही करा. हे मिशन आहे. आपण झावळीला भिणार का?"

फादर बराच वेळ गुडघ्यावरची सुपारीची पिशवी चाचपत राहिले. "झावळीला कोण भितंय? बंदीची प्रार्थना मी म्हटली होती. साऱ्या गावासमोर, अंगात झगा घालून. पाय पडेल त्यानं बेट सोडावं, हे माझ्याच तोंडून गेलंय. आता माझ्या शाळेचा उमेदवार आहे म्हणून ते खोटं पाडू? उद्या माझी कुठली प्रार्थना खरी मानतील हे लोक?"

"मग याचं शिक्षण संपेपर्यंत क्रूस लांबणीवर टाका. क्रूस उभा राहीपर्यंत तर तो राहू शकतो."

"दोन वर्षं?" नेस्ता म्हणाली. "सात महिने झाले, गावातली पोरं नुसते कंद खातायत. माझ्या धाकटीनं काल मला विचारलं, बाबा मासे सोबत घेऊन गेले का म्हणून. सांगा भावजी, अजून किती लांबवू?"

बंदी मोडून गेलेल्याला मृताच्या घराने स्वतःची होडी पाठवून बोलावले तरच परत येता येते, आणि तो गेल्यापासून वर्ष पुरे झाल्याशिवाय ती होडी निघत नाही. नेस्ता म्हणाली की ती पाठवील, वर्ष संपेल त्याच दिवशी पाठवील. फादरांनी बोटांवर महिने मोजले. त्यानंतरची शाळेची भरती येईपर्यंत कॅस्पर सव्विशीचा झालेला असणार.

"मी बिशपांना लिहितो," फादर म्हणाले. "वयाच्या बाबतीत त्यांनी आजवर कुणाला सूट दिलेली नाही. पण लिहितो."

"पत्र कोणाबरोबर पाठवणार?" मी विचारले.

जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघणार होते आणि त्यात चढणारा माणूस एकच होता. कॅस्पर त्या दुपारी प्रथमच हसला. "म्हणजे पोस्टमनची नोकरी लागली. आई विचारेल, दोन दिवसांत सगळं बायबल पाठ झालं का रे?"

नेस्ताने तोंडावर पदर धरावा तसा खांद्यावरच्या फडक्याचा कोपरा धरला आणि ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी इंधन दोनदा गाळले. इतर चौघांना गाण्याच्या तालमीला बसवले होते. त्यांचे सूर पाण्यापर्यंत ऐकू येत होते आणि सिमियनचा आवाज चुकीच्या पट्टीत लागत होता. वाटेतून जाताना कॅस्पर दक्षिणेकडे बघत राहिला. ओहोटी होती. काठी पूर्ण उघडी होती, झावळी वाळून तपकिरी झालेली.

"एवढी मोठी आहे," तो म्हणाला.

"हो."

"काका, हे मला आधी माहीत असतं तर मी बसून राहिलो असतो का, तेच कळत नाहीये. रात्रभर विचार केला. कधी वाटतं, उतरलो असतो. कधी वाटतं, गोण्या टाकून दिल्या असत्या. तुम्हाला काय वाटतं?"

यंत्र एकसारखे चालू होते. मी ते मंद केले आणि होडी जहाजाच्या अंगाला लावली. वरून दोर आला, तो मी बांधला. कॅस्पर अजून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"शिडी ओली आहे," मी म्हणालो. "जपून चढ."

त्याने पत्र सदऱ्याच्या आत सारले आणि तो चढू लागला.