उपासनाचे आकडे

मी एक जुना पांढरा फळा आहे. खडूची धूळ खाणारा शाळेतला थोरला फळा नव्हे हं, मित्रांनो. मार्करने लिहा आणि फडक्याने पुसा, असला हातभर लांबीचा.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावच्या अतुल आणि भावना या जोडप्याने मला विकत आणून स्वयंपाकघरात टांगलं, तेव्हा माझा काय रुबाब होता! दूध संपलंय, कोथिंबीर आणायची आहे, त्यांच्या धाकट्या लेकीचा, वल्लरीचा, पोहण्याचा क्लास साडेचारला आहे, सगळं माझ्यावर. मग भिंतीवर एक चकचकीत स्क्रीन आली आणि माझी रवानगी तळघरात झाली, पाणी तापवायच्या टाकीशेजारी. दोन वर्षं माझ्यावर कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

आणि मग उपासना आली. ही अतुलची पहिली मुलगी. तिची आई वारली, तेव्हापासून ती नागपूरला आजीकडे होती. आजीच्याने होईना, म्हणून चौदाव्या वर्षी तिला इकडे आणलं आणि तिची खाट तळघरात टाकली. तिला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. "जेवलीस ना गं?" असं भावनामावशी जिन्यातून विचारायची आणि उत्तर येण्याआधीच वर निघून जायची.

शाळेत घालताना उपासनाची गणिताची परीक्षा घेतली होती. त्यात तिला वीसपैकी शून्य मिळालं! नागपूरला वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला चौथीच्या बेरजा-वजाबाक्या करायला बसवलं. वर पाहुणे आले की अतुलचा आवाज खाली ऐकू यायचा, "मोठी मॅथ्समध्ये अगदीच वीक आहे यार. तिकडे कोण लक्ष देणार होतं?" उपासना खाटेवर गुडघे जवळ घेऊन ऐकत राहायची. मलाही फार वाईट वाटायचं, पण फळ्याला कोण विचारतो?

त्या परीक्षेतली गणितं तिला तोंडपाठ झाली होती. ती माझ्यावर पुन्हा पुन्हा सोडवायची. एका रविवारी ४१ − २७ = १४ असं लिहून ती डोकं धरून बसली होती. तेवढ्यात सात वर्षांची वल्लरी तिला जेवायला बोलवायला आली. माझ्याकडे पाहून ती खो-खो हसत सुटली.

"ताई, एटी-नाइन मायनस ट्वेंटी-सिक्स इज नॉट नाइन्टी-एट!"

उपासनाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मराठी शाळेतला हात तिचा. घाबरगुंडी उडाली की आकडे मराठीतच उमटायचे. तिचा चार इथे आठ झाला होता, तिचा एक इथे नऊ झाला होता, सात चक्क सहा झाला होता, आणि तपासणाऱ्याने नुसती शेवटची उत्तरं पाहून फुल्या मारल्या होत्या. उपासना हसली आणि लगेच रडली.

वर्ग बदलायची मुदत शुक्रवारपर्यंतच होती. नाहीतर अख्खं वर्ष त्याच वर्गात. तिने वर जाऊन विचारलं, "बाबा, माझ्यासोबत शाळेत याल का?"

"या वीकमध्ये ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे गं. नेक्स्ट इयर बघू ना."

मग तिने कुणाला विचारलं नाही. तीन दिवस ती माझ्यासमोर उभी राहून एकच वाक्य घोकत होती, "माय आन्सर्स आर राइट. माय नंबर्स आर मराठी." शुक्रवारी ती मला काखेत मारून स्कूलबसमध्ये चढली. पोरं बघून हसत होती. ती ओठांतल्या ओठांत तेच वाक्य म्हणत होती, हे फक्त मला ठाऊक.

गणिताच्या बाई, मिस ग्रीर, यांच्या टेबलावर तिने मला ठेवलं. वरच्या ओळीत इंग्रजी आकडे लिहिले, खालच्या ओळीत मराठी. मग ते घोकलेलं वाक्य म्हटलं. बाईंनी कपाटातून तिचा पेपर काढला आणि एकेक आकडा माझ्याशी ताडून पाहू लागल्या. पाहता पाहता त्यांचा चेहरा पडला.

"ऑल ट्वेंटी?" त्यांनी विचारलं.

"नो मिस. नाइन्टीन. नंबर ट्वेल्व्ह इज रियली राँग."

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

उपासनाला तिच्या योग्य वर्गात घातल्याची शाळेची ईमेल संध्याकाळी वाचून अतुल तळघरात आला. माझ्यावरच्या दोन्ही ओळी तशाच होत्या. खालची ओळ त्याने न अडखळता वाचली. तोही नागपूरच्या मराठी शाळेतलाच की!

"अगं, हे तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. मला का नाही दाखवलास पेपर?"

"दाखवला होता बाबा," उपासना शांतपणे म्हणाली. "तुम्ही कॉलवर होता. त्यावर तुमची सही आहे."

अतुलने माझ्यावरची खालची ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

त्यानंतर उपासनाने आपले सगळे फॉर्म आपणच भरले. लायब्ररीत नव्याने आलेल्या मुलांना गणित शिकवलं, गाडी चालवायला शिकली, आणि गेल्या ऑगस्टमध्ये कॉलेजला निघून गेली. आता अतुल अधूनमधून खाली येतो आणि तिच्या रिकाम्या खाटेवर बसतो. तिला आता कुणाच्या येण्याची वाट पाहावी लागत नाही, याचा मला आनंद आहे. आणि ती किती वाट पाहत होती हे त्याला फार उशिरा कळलं, याचं वाईटही वाटतं.

मित्रांनो, तुमचं बरोबर असेल आणि कुणी बघत नसेल, तर स्वतः जा आणि सांगा. आवाज कापला तरी चालेल. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढे एखादं मूल कागद धरून उभं राहील. तेव्हा तेवढा फोन बाजूला ठेवा. सही नंतर करा, आधी तो कागद वाचा.