मास्क विसरलेली स्क्रिप्ट

मित्रांनो, मी एका गेममधली जुनी स्क्रिप्ट आहे. जुनी म्हणजे दीड वर्षाची. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं.

माझं नाव 'ट्रॅक्टरवाला'. दिंडोरीच्या रविराजनं मला व्हिडिओ बघत बघत लिहिलं. द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या मजुरांसाठी तो गेम होता. मास्क न लावता फवारलं की जिवाची हिरवी पट्टी उतरायची. सगळा धडा तेवढाच. हा नियम माझ्या आईत, म्हणजे 'मजूर' नावाच्या मूळ स्क्रिप्टमध्ये होता. ती एकलहऱ्याच्या निकितानं लिहिलेली. आईचं सगळं मला आपोआप मिळायचं.

पण रविराजला ट्रॅक्टरचा फवारा मोठा हवा होता. म्हणून आईतलं 'फवार' हे काम त्यानं त्याच नावानं माझ्यात नव्यानं लिहिलं. असं केलं की गेम आईकडे जातच नाही. फवारा काय उडाला! सगळ्यांनी वा वा केलं. मी फुगले.

रविवारी चाळीस मजूर गेम खेळणार होते. शुक्रवारी बागेतल्या मुकादम सिंधुबाई खेळून बघायला बसल्या. गेममधल्या गड्याचा मास्क काढला, ट्रॅक्टर चार ओळी फिरवला. पट्टी हिरवीगार.

"आरं रवी, लय भारी! माझा दीर शेखर म्हणतोच, मास्कनं काय फरक पडत नाय. खरंच हाय की!"

रविराजचा चेहरा उतरला. गेम चुकतोय, एवढं बाईंना सांगायचं सोडून तो गेम बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहीत बसला. 'निकिताचा मास्कचा कोड चालत नाही. ऐन वेळी तोंडावर पाडलं.'

मी गप्प. ना एरर, ना एक लाल अक्षर. बाई निघून गेल्या.

रात्रभर त्याला काही सापडलं नाही. शनिवारी सकाळी निकिताचा फोन आला. "गेममधला पायी फवारणारा गडी चालवून बघ. त्याची पट्टी उतरते?"

"उतरते."

"तोही माझ्याच 'मजूर'वर चालतो ना? मग?"

त्यानं आईच्या 'फवार'मध्ये प्रिंटची एक ओळ टाकली, म्हणजे ते काम चाललं की स्क्रीनच्या खाली अक्षरं उमटावीत, आणि ट्रॅक्टर चालवला. काहीच उमटलं नाही. तीच ओळ माझ्यात टाकली. लगेच उमटली. मग त्यानं मला वरपासून वाचलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं. त्याचेही कान लाल झाले होते. माझ्या 'फवार'मध्ये त्यानं एकच ओळ घातली, आईला हाक मारणारी, 'सुपर'ची. म्हणजे आधी आईचं काम, मग माझं.

"निकिता, चूक माझीच होती. सॉरी."

"मला कानात काय सांगतो? ग्रुपवर बोललास ना? ग्रुपवरच लिही."

त्यानं तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा पाठवलं.

दुपारी सिंधुबाई आल्या. बिनमास्कचा ट्रॅक्टर पुन्हा चालवला. पट्टी झरझर उतरली, गडी आडवा झाला. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"मी काल शेखरला सांगून बसले रं, मास्क नको म्हणून. आज सकाळीच तसाच गेला फवारायला."

चप्पल पायात सरकवत त्या बागेकडे धावल्या. मागोमाग रविराज, हातात स्वतःचा मास्क घेऊन.

मित्रांनो, आईचं काम मुलीत नव्यानं लिहिलंत, तर आईला हाक मारायची ओळ आहे का, तेवढं बघा. गेम दाखवण्याआधी एकदा मास्क काढून चालवा. मी स्वतःहून काही सांगणार नाही. त्या दिवशीही मी गप्पच होते.